रंगाचं राहू द्या, जूनचं बोला

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर गणवेशाचा वाद अजून धुमसतो आहे. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना २०२४-२५ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत लागू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने ती मागे घेतली आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. तेव्हापासून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सगळ्या राज्याला एकच रंग हवा होता, त्यानं शिस्त लागते, गरीब-श्रीमंत कळत नाही. दुसरा म्हणतो, पहिली-दुसरीच्या लेकरांना गणवेश हवाच कशाला, परदेशात बघा, मुलं मनासारखे कपडे घालून जातात आणि मोकळी वाढतात. मग साक्षीला मला ओढतात.

कुठल्या परदेशाबद्दल बोलता? जर्मनीत शाळेला गणवेश नसतो, खरं आहे. फ्रान्सने २०२४ मध्ये काही शाळांत प्रयोग म्हणून तो सुरू केला. मी स्कॉटलंडमधल्या ज्या ग्लासगोत राहते तिथं माझी लेक रोज पोलो शर्ट, राखाडी पिनाफोर (बिनबाह्यांचा फ्रॉक) आणि शाळेच्या रंगाचा स्वेटशर्ट घालून जाते. कायद्यानं सक्ती नाही, तरी शाळेच्या फाटकाशी सगळी पोरं सारखीच दिसतात. परदेशाचा दाखला द्यायचाच असेल तर निदान खरा द्यावा. माझं नाव त्या वादात येतं म्हणून मला याचा जास्तच राग येतो.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. दोन्ही तट कापडाबद्दल बोलतात. पंधरा जूनला शाळा उघडली (विदर्भात त्याहून उशिरा) आणि पोराच्या अंगावर गणवेश नसला, तर त्या पोराचं काय होतं, हे कुणीच विचारत नाही. योजनेत आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट ठरली होती, दुसरा जोड स्काउट-गाइडचा. शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे दिलं. ४४ लाखांच्या आसपास मुलं होती. कुठं स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचला नाही, कुठं पोचला तो मापाचा नव्हता. शिवणाऱ्या बायांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या मुलाचं माप कधी घेतलंच नाही त्याच्या अंगाला बसेल असा शर्ट कोण शिवणार? सहा वर्षांचं पोर एका पावसाळ्यात वाढतं. आमच्या गावचा शिंपी पँटला खाली चार बोटं दुमड ठेवायचा आणि दिवाळीनंतर ती उसवून द्यायचा. कारण पोर त्याच्या डोळ्यासमोर वाढत होतं.

स्कॉटलंडमध्ये या कामाची वाट सरळ आहे. कमी उत्पन्नाच्या घराला काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या पालिकेकडून, कपड्यांचं अनुदान मिळतं. २०२१ पासून प्राथमिकच्या मुलामागं वर्षाला किमान १२० पौंड, माध्यमिकच्या मुलामागं किमान १५०. पैसे पालकांच्या खात्यात येतात. साधे राखाडी कपडे सुपरमार्केटातच मिळतात, फार तर स्वेटशर्ट शाळेच्या रंगाचा. उन्हाळी सुट्टीच्या आधी शाळेच्या पॅरेंट काउन्सिलच्या, म्हणजे पालक समितीच्या, टेबलावर जुन्या कपड्यांचा ढीग लागतो. डॉक्टर बाईही तिथून उचलते आणि मीही. लोगोचा हट्ट धरू नका, गणवेश नाही म्हणून मूल वर्गाबाहेर ठेवू नका, असं सरकारनं २०२४ च्या सूचनांत शाळांना बजावलं आहे.

हे सांगितलं की माझा धाकटा भाऊ चिडतो. तो माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. “ताई, तिकडं बसून बोलणं सोपं आहे. एकशेवीस पौंड म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. आमच्याकडं दोन जोड्यांना सहाशे येतात.” समग्र शिक्षा अभियानातला हा दर, जोडीला ३०० रुपये. त्यात कापड आणि शिलाई दोन्ही. शिवाय खात्यात पैसे टाकून झालं आहे, हेही त्याचं म्हणणं. २०१७ मध्ये आई आणि मूल यांच्या जोडखात्यावर दोन गणवेशांचे ४०० रुपये द्यायचं ठरलं होतं. चारशे रुपयांसाठी खातं उघडायला आयांनी मजुरी बुडवून बँकेचे हेलपाटे घातले, वर बँका कमीत कमी पाचशे ठेवा म्हणाल्या. पैसे नंतर, आधी गणवेश घ्या आणि पावती दाखवा. ते बंद पडलं.

मला हा युक्तिवाद आता पटत नाही. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये याच आयांच्या खात्यावर येताहेत. खाती आहेत, आधार जोडलेलं आहे. जे सरकार दर महिन्याला तिथं पोचतं, त्याला वर्षातून एकदा मे महिन्यात गणवेशाचे पैसे टाकता येत नाहीत, हे मी मानणार नाही. जूनमध्ये तो पैसा बियाण्या-खताला जाईल, असं भाऊ म्हणतो. एखाद्या घरात जाईलही. पण म्हणून सगळ्या आयांवर अविश्वास का? आणि त्या एका घरातलं पोर साध्या फ्रॉकमध्ये परिपाठाला उभं राहिलं तर काय बिघडतं?

इथं मी तटस्थ नाही. आमच्या शाळेत गणवेश नसलेल्यांची रांग वेगळी असायची. प्रभातफेरीतही आम्ही शेवटी. माझा गणवेश चुलतबहिणीचा उतरलेला होता, नीळ घालून घालून पांढऱ्या सदऱ्याला निळसर झाक आलेली, निळा स्कर्ट मात्र विटून राखाडी. तो वाळला नाही त्या दिवशी मी फुलांचा फ्रॉक घालून गेले आणि त्या रांगेत उभी राहिले. गणवेशानं समानता येते, असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांतले दोघे-तिघे पुढच्या रांगेत होते. त्यांच्या आठवणीत ती दुसरी रांग नाही.

तरीही गणवेश नकोच, असं मला म्हणवत नाही. त्याचं कारण मी भावालाही कधी सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात ‘चिल्ड्रन इन नीड’ या गरजू मुलांसाठी निधी जमवायच्या दिवशी मुलं घरच्या कपड्यांत जातात. त्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. काय घालावं म्हणजे पोर वेगळं दिसणार नाही, हेच डोक्यात. आजीनं पाठवलेला परकर-पोलका कपाटात तसाच राहतो आणि मी इतर पोरींच्या अंगावर असतो तसलाच हुडी विकत आणते. बाकीचे दिवस स्वेटशर्ट माझी सुटका करतो. दुपारी तीन वाजता फाटकातून सगळी सारखी पोरं बाहेर येतात, त्यात माझी एक असते, आणि तेवढा वेळ मलाही इथलं झाल्यासारखं वाटतं. स्कॉटलंडचा कवी बर्न्स, त्याची कविता ती या लोकांच्या उच्चारात म्हणते तेव्हा वाटतं तसंच.

म्हणजे ज्या रांगेनं मला मागं ढकललं, तिच्यात पुढं उभं राहायची हौस माझ्या मनात अजून आहे, लेकीच्या रूपानं. गावाकडं सुट्टीला गेलं की हीच लेक भावाच्या शाळेच्या ओट्यावर एकटी रंगीत कपड्यांत बसते आणि आकाशी शर्टातली पोरं तिच्याकडं टकामका बघतात. तिला तो आकाशी शर्ट हवा असतो. भावानं मागच्या खेपेला कापड आणून शिंप्याकडून तिच्या मापाचा शिवूनही दिला. मी ते पाहिलं आणि काही बोलू शकले नाही.

भावाच्या शाळेच्या समितीनं कुठलाही रंग ठरवावा. गावचा शिंपी ओट्यावर बसून प्रत्येक पोराचं माप घेईल, दुमड ठेवील. त्यासाठी जोडीला तीनशे पुरत नाहीत, हे समितीतल्या प्रत्येक आईला माहीत आहे. ग्रुपवर रंगाबद्दल लिहिणाऱ्यांपैकी कुणी हा आकडा वाढवून मागत असेल, तर त्या अर्जावर माझी सही ग्लासगोहून येईल. आणि पुढच्या पंधरा जूनला ज्या पोराच्या अंगावर गणवेश नसेल, ते बाकीच्यांच्या रांगेतच उभं राहील, एवढं भावानं मला लेखी द्यावं.