चार हब मोटरी लावल्या की फोर-व्हील ड्राइव्ह तयार?

घरी इलेक्ट्रिक गाडी बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय. चारही चाकांत हब मोटर, म्हणजे चाकाच्या आतच असणारी मोटर, बसवा. गिअर नको, डिफरन्शियल (एका मोटरचा जोर दोन चाकांत वाटून त्यांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नको, ताकद चौपट. एक चाक अडलं तरी तीन ओढतात. चारही कंट्रोलरना (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारे डबे) एकच थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) जोडला की काम झालं. हे वाचून लोक पैसे घालतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

ताकद चौपट होत नाही. ती बॅटरीतून येते. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या पॅकचा बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) १०० अँपिअरचा असेल, तर मिळतात जेमतेम ५ किलोवॉट. ३ किलोवॉटच्या चार मोटरींना लागतील २५० अँपिअर. तेवढे द्यायच्या आधीच बीएमएस सप्लाय तोडेल.

‘गिअर नको’ हा दावा सगळ्यात महागात पडतो. माणसांसकट ६०० किलोची गाडी, पाचास एक चढ आणि कच्चा रस्ता धरा. गाडी नुसती चढती ठेवायला सुमारे १,३०० न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या २७ सेंटिमीटर असेल तर एकूण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ३५० न्यूटन-मीटर, म्हणजे प्रत्येक हब मोटरीवर ८८, तेही चाक अगदी हळू फिरत असताना. टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, वाइंडिंगमधली (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांतली) उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. घाटात हब मोटरी जळतात त्या यामुळे. दहास एक रिडक्शन (मोटर दहा वेळा फिरली की चाक एकदा फिरेल असे गिअर) दिलं की तेच काम दोन मोटरी प्रत्येकी साधारण १८ न्यूटन-मीटरवर करतात. १९७१ साली अपोलो १५ने चंद्रावर नेलेल्या रोव्हरच्या चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती, आणि प्रत्येकीला ८०:१ रिडक्शन होतं. तिथे तर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश!

आता ‘तीन ओढतात’. त्याच चढावर एक चाक हवेत गेलं, तर त्याच्या मोटरीची ताकद बाकीच्यांना देता येत नाही. उरलेल्या तिघींचा करंट एक तृतीयांशाने वाढतो, उष्णता पावणेदोनपट होते. उलट लॉक केलेल्या, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफरन्शियलमधून मोटरचा सगळा टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो.

एकाच थ्रॉटलचं काय? व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) २ मीटर, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १.२ मीटर आणि मागच्या आसाच्या मध्याशी वळणाची त्रिज्या ४ मीटर धरली, तर पुढचं बाहेरचं चाक मागच्या आतल्या चाकापेक्षा जवळपास ४८ टक्के जास्त अंतर कापतं. थ्रॉटलवरून वेग ठरवणारे स्वस्त कंट्रोलर अशा वळणात एकमेकांशी भांडतात. टॉर्क मोडचे (थ्रॉटलवरून वेग नव्हे, टॉर्क ठरवणारे) कंट्रोलर घेतले तर हा प्रश्न सुटतो, हे मान्य. पण मग पकड सुटलेलं चाक सुसाट फिरतं, त्यामुळे प्रत्येक चाकाचा वेग मोजून टॉर्क कापणारी यंत्रणा लागतेच.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते बिघाडाचं. कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला की ती मोटर ब्रेक लावू लागते. थ्रॉटल सोडा, मेन स्विच बंद करा, ब्रेक सुटत नाही, कारण चाक फिरतंय तोवर मोटर स्वतःच वीज तयार करते. पुढच्या एकाच चाकात हे झालं तर स्टीअरिंग हातातून खेचलं जातं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ओपन (लॉक न केलेल्या) डिफरन्शियलमागे मोटर असेल तर तोच बिघाड आसाच्या दोन्ही चाकांना सारखा रोखतो आणि गाडी बरीचशी सरळ राहते.

चार मोटरी चुकीच्याच, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या रिव्हियन कंपनीच्या चार मोटरींच्या गाडीत आणि मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक जी-क्लासमध्ये त्या आहेत, पण चाकात नव्हे, चेसिसवर, आणि प्रत्येकीला रिडक्शन आहे. मर्सिडीजने तर लो रेंजही (आणखी हळू, जास्त जोराचा गिअर) दिली आहे. घरच्या गाडीला माझ्या मते दोन मोटरी पुरेत: मागे ई-रिक्षाचा डिफरन्शियलवाला आस गाडीचं वजन पेलेल एवढा मजबूत करून, पुढे भंगारातल्या मारुती ८००चा गिअरबॉक्स आणि हाफ शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारे दांडे). दोन्ही कंट्रोलर टॉर्क मोडचे घ्या. चढावर वजन मागे सरकतं, म्हणून मागच्या मोटरीला जास्त वाटा द्या. मग मोकळ्या मैदानात, १० किलोमीटरच्या वेगाला, एक कंट्रोलर मुद्दाम बंद करून गाडी कशी वागते ते पाहा.