कुकरवाला एपिसोड

शनिवारी रात्री सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या टेरेसवर आमचं बसणं असतं. बसणं म्हणजे नुसतं बसणंच बरं का, दोघांना शुगर आणि एकाला बीपी असल्यामुळं भडंग, कांदा, लिंबू आणि वर मसाला ताक एवढ्यावर गेली चार वर्षं चाललंय. दहा वाजेपर्यंत सगळं ठीक असतं, बेदाण्याचा दर, हळदीचा दर, पोरांच्या क्लासची फी, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं वगैरे. दहा वाजले की त्यातलं कुणीतरी एक ताकाचा ग्लास खाली ठेवतं आणि म्हणतं, "काय पण म्हणा मर्दा, आहटसारखं परत झालं नाही."

झालं. तिथून माझे हाल चालू होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या पोरांसाठी, पण ती कुठं वाचणारेत) सांगतो, आहट ही सोनीवरची मालिका, १९९५ साली चालू झाली, म्हणजे चॅनल आलं त्याच वर्षी. बी. पी. सिंग यांची. याच माणसानं पुढं १९९८ ला सीआयडी आणली, म्हणजे आधी आम्हाला भुतानं घाबरवलं आणि मग दारं तोडून दाखवली. त्याच्याही आधी १९९३ पासून झीवर रामसे बंधूंचा झी हॉरर शो होता, त्यामुळं आमच्या टेरेसवर दोन पक्ष आहेत, एक सोनी, एक झी, आणि दोन्ही पक्षांचे लोक लोकसभेलासुद्धा एवढं भांडत नाहीत.

झी पक्षाचा पुढारी म्हणजे आमचा बेदाणा. बेदाणा हे टोपणनाव, कोल्ड स्टोरेजला माल ठेवायचा त्याचा धंदा. त्याचं म्हणणं एकच, झी हॉररची पहिली गोष्ट दस्तक, तिच्या जवळपास कुणी जात नाही. त्यात पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग होते. "पंकज धीर म्हणजे कर्ण रे, कर्ण!" असं तो दर शनिवारी उठून उभा राहून सांगतो, "बी. आर. चोप्रांच्या महाभारतातला कर्ण, अर्जुनासमोर हलला नाही, तो जर दारावरच्या थापेला दचकतोय तर तुझी माझी काय गत?" याला आजवर कुणाकडं उत्तर नाही. एकदा मी म्हणलं होतं की अर्चना पूरणसिंगना आता हसायचे पैसे मिळतात, तर मला दोन आठवडे ताक मिळालं नाही.

आहट पक्षाचे पुढारी म्हणजे आमचे सर. गणिताचा क्लास घेतात. त्यांनी या सगळ्या भांडणाला शिस्त यावी म्हणून मार्कांची पद्धत काढली, वहीसुद्धा केलीय, दोनशे पानी, चौकटीची. भीतीला ४० मार्क, आवाजाला २०, मेकअपला १०, आणि एपिसोड संपल्यावर एकट्यानं मागच्या संडासपर्यंत जाता आलं का नाही याला ३०. हा शेवटचा पेपर प्रॅक्टिकलचा. आमच्यातले बहुतेक गावभागातल्या जुन्या वाड्यांत वाढलेले, संडास परसात विहिरीच्या पलीकडं, मधे एक चाळीसचा बल्ब, तो पण भाडेकरूंनी बंद केलेला. त्यामुळं ३० पैकी ३० सगळ्याच एपिसोडना पडतात आणि मग पहिला नंबर काढायला टायब्रेकर लागतो.

त्यात सरांचा एक नियम असा की ज्या एपिसोडमध्ये शेवटी भूत निघतच नाही, खून निघतो, त्याचे १० मार्क कट. सुरुवातीच्या आहटमध्ये असं बऱ्याचदा व्हायचं, म्हणजे अर्धा वेळ आपण देवाचं नाव घेऊन बसायचं आणि शेवटी कळायचं की इस्टेटीसाठी पुतण्यानंच केलंय. आमच्यातल्या मेडिकलवाल्याचं मत एकदम उलटं. तो म्हणतो भुताचं काय घेऊन बसलाय, भूत रात्रीपुरतं असतं, पुतण्या चोवीस तास घरात असतो. त्याची वडिलोपार्जित जागेची केस चालू आहे त्यामुळं त्याच्याकडं फार लक्ष द्यायचं नाही असं ठरलंय.

बेदाण्याचा धाकटा भाऊ मधेमधे स्टार प्लसच्या श्श्श... कोई है चं नाव काढतो, ते २००१ चं, त्यात मामिक सिंग विकराल व्हायचा आणि भुतं पकडायचा. त्याला आम्ही बोलू देत नाही. भूत पकडता येत असेल तर बघायचं कशाला?

तर हे सगळं होऊनही गेली चार वर्षं वहीत पहिला नंबर एकाच एपिसोडचा आहे. १०० पैकी ९७. झीवाले, सोनीवाले, सगळ्यांना मान्य. कुकरवाला एपिसोड.

गोष्ट अशी. एक माणूस नवीन बंगल्यात एकटाच राहायला येतो. रात्री दोनला स्वयंपाकघरातनं कुकरची शिट्टी. जाऊन बघतो तर गॅस बंद, कुकर फळीवर, पालथा. दुसऱ्या रात्री दोन शिट्ट्या. तिसऱ्या रात्री तीन. त्याला कामवाली सांगते, साहेब, चौथी व्हायच्या आत घर सोडा, आधीच्यांना पण सांगितलं होतं. तो ऐकत नाही. चौथ्या रात्री चार शिट्ट्या होतात, तो तणतणत जातो, झाकण काढतो, तर आत त्याचंच डोकं. आणि डोकं विचारतं, "वरण झालं का?"

हिंदीत विचारतं अर्थात. दाल.

आता या एपिसोडची अडचण अशी आहे की तो कधी लागलेलाच नाही. तो मी केलाय.

झालं असं की ९६-९७ च्या सुमाराला मी सहावीत, आणि आमच्या वर्गात केबल फार कमी जणांच्या घरी. आमच्याकडं पण नव्हती, वरच्या माडीवरच्या काकूंकडं होती, आणि त्या मला बघू द्यायच्या कारण काका फिरतीवर असायचे आणि त्यांना एकटीला भीती वाटायची. म्हणजे मी सोबतीला. दहा वर्षांचा, पाऊण वेळ उशीमागं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गाला एपिसोड सांगायचो आणि त्या बदल्यात मला डब्यातलं मिळायचं, चकली, शेंगदाण्याची पोळी, एकाकडं तर चक्क घरचा खवा. धंदा चांगला चालला होता. पण एका रात्री एक माणूस सामान घेऊन नवीन घरात शिरला आणि, बास, लाईट गेली. ती सकाळी आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीस जण डबे उघडून गोल करून बसलेले, आणि माझ्याजवळ माल काय, तर एक माणूस आणि त्याची बॅग. आता नाही कसं म्हणणार? घरनं निघताना आईनं वरणाचा कुकर लावलेला होता, त्याची शिट्टी डोक्यात होती, ती घातली त्या बंगल्यात. पुढचं आपोआप आलं. डोक्याचा प्रश्न तर घंटा झाली म्हणून गडबडीत सुचला.

त्या दिवशी मला दोन खव्याच्या वड्या मिळाल्या. एवढाच काय तो मोबदला, पुढं काही नाही.

बरं, मला वाटलं विसरतील. कसलं विसरतायत. हे आता चाळिशीचे बाप्ये झाले, २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा हाच मेडिकलवाला माडीवर दोन दिवस मेणबत्तीवर काढून आला आणि वर "काय नाय रे, थंड वाटत होतं" म्हणाला, पण घरात कुकर लावला की हा माणूस तिसरी शिट्टी झाल्या झाल्या जिथं असेल तिथनं पळत येऊन गॅस बंद करतो. त्याच्या घरी डाळ कायम कच्ची. बायकोला वाटतं काळजी आहे गॅसची.

बरं, मी गप्प बसतो का? तर बसतो. सुरुवातीला वाटलं होतं सांगून टाकावं, पण वहीत नोंद झाली होती आणि सरांनी खाडाखोड करायची नाही असा नियम केलेला. त्यात यांच्या भरी वाढत गेल्या. सरांना त्या माणसाचा स्वेटर आठवतो, मरून रंगाचा. बेदाणा म्हणतो कामवालीचं काम करणारी बाई पुढं दुसऱ्या एका सिरीयलमध्ये सासू होती. धाकट्या भावाचा तर तेव्हा जन्म नुसता झालेला, तो पण म्हणतो मी बघितलाय, रिपीटला. आणि मागच्या महिन्यात कहर म्हणजे मी सहज म्हणलं की चार शिट्ट्या म्हणजे जरा जास्तच ताणलंय, दोनवर उरकायला पाहिजे होतं, तर चौघं अंगावर आले. सर म्हणाले, "तुला सस्पेन्समधलं कळत नाही. ज्यानं लिहिलंय तो वेडा आहे का?"

मी काय बोलणार? भडंग खाल्लं.

मग फोनवर शोधाशोध झाली. जुने एपिसोड हल्ली बरेच सापडतात, तासभर चौघं चार फोनवर, आहट कुकर, आहट सीटी, आहट दाल, काय वाट्टेल ते टाकून बघितलं. मधेच एक दुसराच एपिसोड लागला तर सगळे खो खो हसले, भुताच्या तोंडाला नुसती मैद्याची पिठी लावल्यासारखं दिसत होतं. कुकरवाला काही मिळेना. माझ्या पोटात गोळा, म्हणलं आज सुटतंय बिंग. तर मेडिकलवाला एकदम हळू आवाजात म्हणाला, "काढून टाकला असणार. झेपला नसेल लोकांना." सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनी वहीत ९७ चे ९८ केले. खाडाखोड करून.

त्या रात्री घरी जाताना, आमचं घर हरिपूरकडं, आणि तो रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूला जुनी चिंचेची झाडं, दिवसा फार छान वाटतं. रात्री साडेअकराला स्कूटरवर नाही वाटत. आणि त्यात कुठल्यातरी घरातनं शिट्टी ऐकू आली. एक. साडेअकराला कोण डाळ लावतंय हो? मीच केलेलं भूत आणि मीच हनुमान चालिसा म्हणत ॲक्सिलेटर पिळतोय, चाळीसच्या वर न जाणारी गाडी त्या दिवशी साठला गेली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं घाम कसला, तेव्हा म्हणलं आता हिला तरी खरं सांगावं. ती साताऱ्याची, आमच्या शाळेशी तिचा काही संबंध नाही. मी सुरुवात केली, एक माणूस नवीन बंगल्यात राहायला येतो, आणि ती ओटा पुसता पुसता म्हणाली, "कुकरवाला ना? बघितलाय मी. शाहूपुरीत आत्याकडं."

मी खाली बसलो.

"पण तुम्ही काय ते डोकं डोकं सांगता सगळ्यांना," ती म्हणाली, "डोकं नसतंच त्यात. झाकण काढतो तर आत काहीच नसतं. रिकामा, घासलेला, कोरडा. आणि मागनं पाचवी शिट्टी होते."

एवढं बोलून ती दिवा बंद करून झोपायला गेली. मी अंधारात ओट्यापाशी उभा. हे ही बया कुठनं घेऊन आली, लग्नाला चौदा वर्षं झाली, कधी बोलली नाही, आणि मुख्य म्हणजे शेवट माझ्यापेक्षा भारी आहे, नुसता भारी नाही, कैक पटीनं भारी, दोन खव्याच्या वड्यांच्या जागी याला अख्खा डबा मिळाला असता. रात्रभर मला झोप नाही. भीतीनं थोडी, जळून जास्त.

पुढच्या शनिवारी मी पहिल्यांदाच स्वतःहून विषय काढला. म्हणलं ऐका, मला नीट आठवलंय, शेवट तसा नव्हता, आत डोकं नव्हतं, कुकर रिकामा होता आणि मागनं पाचवी शिट्टी झाली.

एक मिनिट कुणी बोललं नाही. मग सरांनी वही मिटली, ताकाचा ग्लास माझ्यापासनं लांब सरकवला आणि म्हणाले, "कशाला खोटं बोलतोस रे? तू तो एपिसोड बघितलेलाच नाहीस."