काका, जरा फ्रेमच्या बाहेर

परवा पूर्णा जंक्शनला एका पोरानं मला बाकड्यावरून उठवलं. तिकीट नव्हतं म्हणून नाही, प्लॅटफॉर्म तिकीट होतं, दहा रुपयांचं, शर्टाच्या खिशात नीट घडी घालून. मी त्याच्या व्हिडिओत यायलो होतो म्हणून.

मी 1979 ला इथंच लोको शेडला, म्हणजे इंजिनांच्या शेडला, खलाशी (हरकाम्या) म्हणून लागलो, मग फायरमन झालो, इंजिनात कोळसा टाकणारा, वाफेची इंजिनं बंद झाल्यावर यार्डात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, आणि रिटायर होऊन आता नऊ वर्षं झालीत. गुडघे बरे असले की महिन्यातून एखादी चक्कर मारतो, बसतो, गाड्या बघतो. बायको म्हणते सदतीस वर्षं बघून पोट भरलं नाही का. नाही भरलं. लोक देवळात जाऊन बसतात त्यांना कोणी विचारत नाही.

तर ते पोरगं. विशी-बाविशीचं, काठीला मोबाईल, गळ्यात माईक, पाठीवर एवढी मोठी सॅक की आम्ही दोन दिवसाच्या ड्युटीला एवढं सामान न्यायचो नाही. म्हणालं, "काका, जरा फ्रेमच्या बाहेर होता का? मागं जुनं यार्ड घ्यायचंय."

जुनं यार्ड घ्यायचंय, आणि त्या यार्डातला जुना माणूस बाजूला सरकवायचाय! हे वाक्य मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं, ते सुचलं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना. तेव्हा मी मुकाट उठलो.

बाकड्यावर माझ्या शेजारी एक मामा बसलेले. पांढरी टोपी, पायाशी पोतं, मांडीवर भाजलेल्या शेंगा, हिंगोलीकडच्या गाडीची वाट बघत. मी उठताना जरा कुरकुरलो तर मामाच माझ्यावर डाफरले, "अवं सरका की, मोजणीवाला हाय त्यो. काठी दिसंना का हातात?"

म्हटलं मामा, मोजणीवाला नाही, मोबाईलवाला आहे. पण मामांनी मला हातानंच गप्प केलं आणि पोराकडं वळून एकदम आवाज मऊ केला. "साहेब, नवी लाईन आमच्या शिवारातून जायलीय का?"

पोरगं म्हणालं, "मामा मी साहेब नाही, रेलफॅन आहे."

"हां हां, तेच. मग मावेजा कवा भेटतो?"

आता कोणालाही वाटेल पोरगं वैतागेल. पण त्याचे डोळे चमकले हो. त्यानं मोबाईल गर्रकन मामांकडं फिरवला आणि विचारलं, "मामा, तुम्ही कोळशाचं इंजिन बघितलंय?"

"बघितलंय म्हंजे? आमच्या म्हशीला धडकलंय!"

आणि मामा सुटले. म्हैस कशी दहा लिटरची होती (आधी आठ म्हणाले होते), ती रुळावर का गेली, भावकीतल्या कोणी मुद्दाम दावं सोडलं होतं, त्या भावकीची केस अजून चालू आहे, पंचनाम्याला कोण आलं, त्यानं आधी चहा मागितला, म्हशीचा पैसा आजवर मिळाला नाही तर आता जमिनीच्या मावेजात धरून देता का. मधेमधे शेंगा फोडणं चालू, टरफलं पोराच्या बुटावर. पोरगं "वाव मामा, वाव मामा" करत गोल गोल फिरायलं. इंजिनाचं काय वर्णन कराल विचारलं तर मामा म्हणाले, "काळं होतं." त्यावरही "वाव".

मी खांबाला टेकून उभा. चौदा वर्षं मी त्या काळ्याच्या पोटात फावड्यानं कोळसा ओतला. धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा रंग बघून आत जाळ कसा लागलाय ते सांगायचो. जाळीला क्लिंकर, म्हणजे राखेचा घट्ट खडा, धरला की लांब सळईनं तो फोडायचा, तेव्हा तोंडावर जी आग यायची तिनं भुवया जळलेल्या असायच्या, लग्नाच्या फोटोत माझी डावी भुवई नाहीच. रात्री दोनला ड्युटीला बोलवायला कॉलबॉय दार वाजवायचा. बॉय कसला, पन्नाशीचा माणूस, दम्यानं खोकत रजिस्टर पुढं करायचा आणि सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. माझा पोरगा लहान असताना त्याला भूत समजायचा.

न राहवून बोललो शेवटी. पोरगं तेवढ्यात कॅमेऱ्याला सांगत होतं की सिंगल लाईनवर ड्रायव्हर चालत्या गाडीतून टोकन पकडायचा. म्हटलं बाळा, ड्रायव्हर कुठला, त्याचा हात रेग्युलेटरवर, वाफेच्या दांड्यावर. आम्ही पकडायचो, फायरमन. वेताची मोठी रिंग, खाली चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा, तेच टोकन, तो गोळा हातात आल्याशिवाय पुढच्या स्टेशनपर्यंतची लाईन आपली नाही. गाडी न थांबता जायची असली की खालचा माणूस रिंग वर धरून उभा राहायचा, आपण हात बाहेर काढून कोपर आत घालायचं. चुकलं तर गाडी थांबवून मागं पळत जा. बरोबर जमलं तरी कोपर काळंनिळं.

पोरगं दोन सेकंद थांबलं. मग म्हणालं, "काका, नेटवर तसं दिलेलं नाही." आणि वर मलाच विचारलं, "वायपी म्हणजे काय माहितेय का तुम्हाला?"

वायपी म्हणजे वायपी. इंजिन. पॅसेंजरला वायपी, मालगाडीला वायजी.

"वाय म्हणजे मीटरगेज, छोटी लाईन, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स."

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. पी आणि जी चा अंदाज होता, पण वाय? आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरी येऊन पोरीला बघायला लावलं, तर बरोबर निघालं. हे जास्त लागलं. ते चुकलं असतं तर मी आज हे लिहायलाच बसलो नसतो.

पुढं त्याची गाडी थांबेना. नांदेड डिव्हिजन 1 एप्रिल 2003 ला झालं, दोन रुळांतलं अंतर मीटरगेजला 1000 मिलिमीटर, ब्रॉडगेजला 1676. सगळं पाठ. मीनाक्षी एक्स्प्रेस काचीगुड्याहून जयपूरला जायची हेही माहीत. पण ती नांदेडकडून आली की इथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग गाडी अकोल्याच्या लाईनला निघायची, आणि तेवढ्यात झोपेतून उठलेला एखादा पॅसेंजर "गाडी वापस चालली, चेन ओढा" म्हणून अख्खा डबा उठवायचा, हे त्याच्याकडं नव्हतं. एकानं तर एका रात्री खाली उडी मारून माझीच कॉलर धरली होती, म्हणे माझ्या मेव्हण्याचं लग्न बुडालं तर तू जबाबदार. सांगणार होतो. पण पोरगं बाभळीकडं कॅमेरा करून "हेरिटेज, गाईज, हेरिटेज" म्हणायला लागलं होतं.

हेरिटेज. ज्या राखेच्या खड्ड्यावर ती वेडी बाभूळ उगवलीय तिथं गरम राख ओढताना माझ्या नडगीची साल निघाली, डाग अजून आहे. ड्युटीवरून येताना एसटीत बसलो की शेजारचा माणूस नाक दाबून दुसऱ्या सीटवर जायचा. रुमालात काळं पडायचं. तेव्हा कोणी काठी घेऊन आलं नाही. 2008 ला अकोल्याची लाईन मोठी, ब्रॉडगेज झाली, आता वर विजेच्या तारासुद्धा आल्या, चांगलंच आहे, मी काय रडत नाही, ते काम माझ्या पोरानं करावं असं मला कधीच वाटलं नाही. पण निदान बाकड्यावर बसू द्या.

गाडी आली. मामांचं पोतं चढवायला मीच हात लावला, पोरगं शूट करत होतं. मामा दारातून ओरडले, "साहेब, म्हशीचं ध्यानात ठिवा!"

काल पोरीनं तो व्हिडिओ शोधून दाखवला. अकरा मिनिटांचा. त्यात मामा चार मिनिटं, खाली पट्टी, "पूर्णा यार्डचे जुने जाणकार". टोकनचं मी सांगितलेलं पोरानं स्वतःच्या आवाजात घातलंय, फायरमनसकट. मी कुठंय म्हणून तीनदा मागं घेऊन बघितलं तेव्हा एका जागी डाव्या कोपऱ्यात खांबाच्या आडून एक कोपर दिसलं.

बायकोनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हा स्वेटर घालून गेलावता? फाटलाय की तो."