मोबाईल काढून घेतला की झालं?

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "शाळेने इंटरनेट शिकवायच्या फंदात पडू नये. मोबाईल काढून घ्या, पोरं सुधारतील. नाहीतरी त्यांना मास्तरांपेक्षा जास्त कळतं. आणि संस्कार घरीच होतात." मी पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला शिकवते. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

मोबाईल काढून घ्या म्हणता, पण कुणाचा? तो बहुतेक घरी आईचा किंवा वडिलांचाच असतो. शिवाय बालभारतीच्या पुस्तकातच क्यूआर कोड आहेत. हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत डिसले गुरुजींनी केला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पुस्तकच मुलाला फोनकडे पाठवतं, तर पुढचं कोण शिकवणार? रात्री फोन उशाशी नको, हे मात्र मान्य.

'पोरांना जास्त कळतं' हे तर सगळ्यात घातक. त्यांची बोटं भराभर चालतात, एवढंच. वर्गात विचारलं, "बक्षीस मिळालंय, हा कोड स्कॅन करून पिन टाका, असं आलं तर?" एक हुशार मुलगा म्हणाला, "टाकायचा की मॅडम. पुस्तकातला स्कॅन केला की व्हिडिओ येतो, तसे पैसे येतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गातल्या मुलीचा अश्लील फोटो नुसता पुढे पाठवणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, हेही त्यांना ठाऊक नसतं.

राहिले घरचे संस्कार. ते आहेतच. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी आया दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. घरात तेलुगू, फोनवर मेसेज इंग्रजीत. तो वाचून दाखवते आठवीतली पोरगी. म्हणजे या बाबतीत घरच तिच्याकडे बघतं, आणि तिला आपण शिकवायचं नाही म्हणतो!

मागे अशीच एक मुलगी रफ वहीचं शेवटचं पान घेऊन आली. आईला मेसेज आला होता, खातं बंद होणार, लिंक दाबा. शाळेत फोन आणायचा नाही म्हणून तिने तो अक्षर न् अक्षर उतरवून आणला होता, लिंकसकट. मी लिंक फळ्यावर लिहिली. बँकेच्या नावात एक अक्षर जादा होतं, ते तिसऱ्या बाकावरून ओळखलं गेलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते, तेही सांगितलं. तिने तो आकडा त्याच पानावर मोठा करून लिहिला आणि पान फाडून आईसाठी दप्तरात ठेवलं.