खुलासा: फायब्रॉइडची गाठ म्हणजे कर्करोग नव्हे

‘गर्भाशयातील गाठ पुढे कर्करोगच होते, म्हणून पिशवी वेळीच काढा’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांना हीच भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये पुढे आल्या होत्या, हे विसरता येत नाही. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंत होणारी साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ आहे. लायोमायोसार्कोमा हा गर्भाशयाच्या स्नायूंचा दुर्मीळ कर्करोग बहुधा स्वतंत्रपणे उद्भवतो. मात्र सोनोग्राफीत दोन्ही सारखे दिसू शकतात, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत यंत्राने तुकडे करून काढलेली गाठ या कर्करोगाची निघाली, तर त्याच्या पेशी पोटात पसरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दिला होता. पाळी कायमची थांबल्यावर वाढणारी गाठ किंवा होणारा रक्तस्राव मात्र अंगावर काढू नये.