हॉब्सन्स चॉइस म्हणजे इकडे आड तिकडे विहीर नव्हे हो

लेख मस्त आहे पण एक गोष्ट खटकली, हॉब्सन्स चॉइस या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ तुम्ही इकडे आड तिकडे विहीर असा दिलाय. आड आणि विहीर म्हणजे निदान दोन पर्याय तरी झाले ना, इथे मुळात एकच असतो, घ्यायचं तर घे नाहीतर चालू पड. हा हॉब्सन खरा माणूस होता, थॉमस हॉब्सन, केंब्रिजला घोडे भाड्याने द्यायचा आणि लंडनला टपाल-सामान पोचवायचा. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कॉलेजची पोरं, सगळ्यांना तोच तो तगडा पळणारा घोडा हवा, मग त्या बिचाऱ्याचा पार घामटा निघायचा. म्हणून याने नियमच केला की तबेल्याच्या दाराजवळ जो उभा असेल तोच मिळणार, परत आलेला घोडा रांगेत मागे. म्हणजे माणूस खडूस वगैरे नव्हता, जनावरांची काळजी होती त्याला, हे कोणी सांगतच नाही! ऐंशी पार करून 1631 मध्ये गेला तर इंग्रज कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता केल्या, तोही तेव्हा तिथेच शिकत होता.

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये काकू डावातून कारल्याची भाजी ताटात टाकायच्या आणि दुसरं काही आहे का विचारलं तर वर न बघता म्हणायच्या, "आहे ना, भूक." हॉब्सन्स चॉइस तो हा, विहिरीचा काही संबंध नाही