ह्यूमचा अंगठा आणि आजींची फाइल

वृद्धाश्रमाची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल ठरलेला: हे सगळं पाश्चात्त्य व्यक्तिवादाचं खूळ. तरुण मंडळी उलट त्याच पश्चिमेचे गोडवे गातात, तिकडे माणूस स्वतःच्या मर्जीने जगतो म्हणून. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की ‘मी’ म्हणजे काय हे पश्चिमेत कधीतरी एकदाचं ठरलं.

मी राहते त्या एडिंबरात तरी तसं दिसत नाही. इथे हाय स्ट्रीटवर अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा पुतळा आहे. नशीब उघडावं म्हणून लोकांनी त्याच्या पायाचा अंगठा चोळून चोळून लखलखीत केलाय. अंधश्रद्धेवर तुटून पडणाऱ्या माणसाच्या नशिबी हे! ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्ये ज्या ‘मी’वर सगळं तत्त्वज्ञान उभं केलं, तो ह्यूमला 1739 मध्ये सापडेचना. आत डोकावलं की ऊब, गारठा, प्रेम, द्वेष असलं काहीतरी हाती लागतं, त्यापलीकडे काही नाही, असं त्याने लिहिलं. आणि पुढच्याच वर्षी आपलंही यानं समाधान होत नसल्याचं कबूल केलं. देकार्त आणि ह्यूम यांच्या मधल्या काळात इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने ‘मी’ची भिस्त जाणिवेवर, म्हणजे बहुतांशी स्मरणावर टाकली होती. त्यावर 1785 मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडचा खोचक सवाल: फळं चोरून फटके खाल्लेला मुलगा पुढे शत्रूचा झेंडा हिसकावतो, म्हातारपणी जनरल होतो. झेंडा हिसकावताना त्याला फटके आठवत होते. जनरलला झेंडा आठवतो, फटके मात्र साफ विसरलेत. मग जनरल म्हणजे तोच मुलगा की दुसरा कोणी?

मी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांमध्ये काम करते, त्यामुळे हा सवाल मला पुस्तकी वाटत नाही. स्कॉटलंडच्या 2000 सालच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाबाबत निर्णय घेताना त्याच्या आताच्या आणि पूर्वीच्याही इच्छा, जितक्या कळतील तितक्या, विचारात घ्याव्या लागतात. आमच्या एका आजींच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: आडनावाने हाक मारू नये, कपात आधी दूध, मग चहा. आजींना आता हे सांगता येत नाही. भाचीने सांगितलंय.

आपल्याकडे आईचं ऑपरेशन, आईचा फ्लॅट, आईने कोणाकडे राहायचं, हे सगळं हॉलमध्ये भाऊ-भाऊ ठरवतात. आई धडधाकट असते, समोरच बसलेली असते. मधेच ती चहा टाकायला उठते. वर आपण कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगतो.

इथली फाइल चोख असते आणि भेटायला येणाऱ्याची खुर्ची कित्येकदा रिकामी, हेही मी रोज बघते. त्याचं समर्थन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण ते खापर देकार्तवर फोडण्यात अर्थ नाही. मुलांच्या नोकऱ्या लंडनला, घरं तिकडेच. सांगली-साताऱ्यातली मुलं बंगळुरूला गेली, तीही काही देकार्त वाचून गेलेली नाहीत.